मुसा रेमूची भाषा

हिमायतनगरात राहणाऱ्या मराठी माणसाने फ्रेंच भाषेविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमची ही वस्ती ज्यांच्या नावाने वसली ते सातव्या निजामांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, म्हणजेच आझमजाह, यांचा विवाह १९३१ च्या नोव्हेंबरात झाला तो फ्रान्समधील नीस या गावी. वधू दुर्रुशेहवार या पदच्युत तुर्की खलिफांच्या कन्या. मायदेशातून हद्दपार झालेले ते कुटुंब तेव्हा नीसला आश्रयास होते. धाकटे चिरंजीव मोअज्जमजाह यांचा नीलोफर यांच्याशी विवाहही त्याच वेळी, तेथेच झाला. ज्यांच्या नावाचे रुग्णालय हैदराबादेत आबालवृद्धांना ठाऊक आहे, त्या नीलोफर यांचे उत्तरायुष्य पॅरिसला गेले व तेथेच १९८९ साली त्यांचे निधन झाले.

ही झाली राजघराण्याची गोष्ट. पण घरातून निघून बशीरबागेवरून थोडे पुढे गेले की गनफाउंड्रीचा भाग लागतो. जुने लोक त्याला 'तोप का सांचा' म्हणतात. तेथील तोफा ओतण्याचा कारखाना ज्याच्या नावाशी जोडलेला आहे तो फ्रेंच सेनानी मिशेल जोआशिम मारी रेमों, इंग्रजी पुस्तकांतला रेमंड. मुसी ओलांडून मलकपेठेकडे गेले की मूसारामबाग लागते. ती वस्तीही त्याच्याच नावाची. १७५५ साली गॅस्कनी प्रांतात जन्मलेला हा माणूस १७७५ मध्ये पुद्दुचेरीला आला, पुढे निजाम अलींच्या चाकरीत चढला आणि २५ मार्च १७९८ रोजी हैदराबादेत वारला. सरूरनगरच्या बाजूला एका टेकडीवर त्याची समाधी आहे. काळ्या दगडाच्या त्या स्तंभावर त्याच्या नावाची दोनच आद्याक्षरे कोरलेली आहेत. मृत्यूनंतर बराच काळ लोक त्याच्या पुण्यतिथीला तेथे ऊद जाळीत. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत, हिंदू मूसा राम म्हणत. मराठी कागदपत्रांत व इतिहासग्रंथांत तो 'मुसा रेमू' म्हणून भेटतो.

या 'मुसा'चा हजरत मूसांशी काही संबंध नाही, मुसी नदीशीही नाही. फ्रेंचांत कोणाही सभ्य पुरुषाच्या नावाआधी जो आदरार्थी शब्द लावतात, म्हणजे आपला 'श्रीयुत', त्याचे हे दखनी कानाने टिपलेले रूप होय. लिहिताना तो शब्द आठ अक्षरांचा. उच्चारात उरतो केवळ 'म्स्य' असा काहीसा ध्वनी. आपल्या कारकुनांनी अक्षरे पाहिली नव्हती, त्यांनी आवाज ऐकला होता. म्हणून 'मुसा'. आणि म्हणूनच 'रेमू'. 'रेमंड' या इंग्रजी रूपातील शेवटचा 'ड' फ्रेंच माणसाच्या तोंडी नसतोच. तो 'रेमों' असा नाकातला ओकार उच्चारून थांबतो. इंग्रजी शाळेत शिकलेला आजचा विद्यार्थी 'रेमंड' वाचून चुकतो. दोनशे वर्षांपूर्वीचा, फ्रेंचचे एक अक्षरही न शिकलेला मराठी कारकून जवळजवळ बरोबर लिहून गेला. आम्हास हा लहानसा पुरावा फार बोलका वाटतो, आणि या लेखात जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ येथेच आहे.

फ्रेंच आणि मराठे यांची गाठ काही रेमूपासून पडलेली नाही. १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराज जिंजीच्या स्वारीवर असताना पुद्दुचेरीच्या फ्रांस्वा मार्तां याने त्यांच्या छावणीत आपला वकील धाडला होता. मार्तांच्या आठवणी फ्रेंचांत आहेत. आबे कारे या फ्रेंच प्रवाशाने १६९९ च्या आपल्या प्रवासग्रंथात शिवाजी महाराजांची एक हकिकत लिहिली. ती आपल्याकडील बहुतेकांना माहीत झाली ती सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२७ साली इंग्रजीत आणल्यावर. अठराव्या शतकात बुसी आला. सलाबतजंगाच्या पदरी १७५१ ते १७५८ अशी सात वर्षे तो औरंगाबाद व हैदराबाद या दोन्ही ठिकाणी वावरला. पेशव्यांशी लढला, पेशव्यांशी तहही केला. त्याच्या कवायती शिस्तीत तयार झालेला इब्राहीमखान पुढे भाऊसाहेबांच्या तोफखान्यावर आला आणि पानिपतावर कामास आला. 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द'पासून की पोर्तुगीज 'ग्वार्दा'पासून, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. आम्ही त्यात पडत नाही. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन पुण्यास येऊन नाना फडणीसांच्या भेटी घेत होता आणि त्याच्या नुसत्या वास्तव्याने मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती.

या सर्वांचा कळस खर्ड्यास झाला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील या गावी ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम समोरासमोर आले, तेव्हा निजामाकडील कवायती पलटणी मुसा रेमूच्या हाताखाली होत्या आणि शिंद्यांकडील पलटणी पेरों या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या. दोन्ही बाजूंचे सेनानी एकाच भाषेत विचार करणारे, आणि दोन्ही बाजूंच्या सैन्यात ती भाषा जाणणारे एतद्देशीय जवळजवळ कोणी नाहीत, असा हा विलक्षण प्रसंग! पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेहून पुण्यास बारीकसारीक बातमी मराठीत कळवीत होते, दरबारचा व्यवहार फारसीत चालत होता. फ्रेंच मात्र दुभाष्यांची भाषा राहिली. बुसीचा दिवाण हैदरजंग पुद्दुचेरीला फ्रेंचांच्या सावलीत वाढलेला होता, म्हणून तो एवढ्या योग्यतेस चढला. १७५८ मध्ये औरंगाबादेस त्याचा खून झाला तेव्हा बुसीचा उजवा हातच तुटला. भाषा जाणणाऱ्या एका माणसाची किंमत याहून अधिक काय सांगावी?

मराठी राजवंशात फ्रेंच ग्रंथ हाताळणारा एकच पुरुष ठळकपणे दिसतो, तो तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२). श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने इंग्रजीबरोबर फ्रेंच, जर्मन आदी भाषांतील पुस्तके जमविली, आणि सरस्वती महालातील त्या पुस्तकांवर त्यांच्या सह्या आहेत. पुण्यात, ग्वाल्हेरात, हैदराबादेत फ्रेंच माणसे पगारावर ठेवली गेली. त्यांची भाषा कोणी पदरी ठेवली नाही. २२ ऑक्टोबर १७९८ रोजी हैदराबादच्या फ्रेंच पलटणींची शस्त्रे इंग्रजांनी एकही मोठी लढाई न करता उतरवून घेतली आणि तो अध्याय मिटला.

यानंतर मराठी माणूस आणि फ्रेंच यांची पुन्हा भेट झाली ती विद्यापीठांच्या वर्गात, आणि मध्यस्थ या वेळी इंग्रज होता. येथे आम्हास स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

१९८४ च्या सुमारास, महसूल खात्यात नोकरीस लागून दोन-तीन वर्षे झाली असताना, शहरातील एका संस्थेच्या सायंकालीन वर्गात आम्ही फ्रेंच शिकण्यास नाव घातले. कारण साधे होते. बुसीच्या हैदराबादेतील वर्षांबद्दल एक इंग्रजी पुस्तक वाचनात आले होते; त्याच्या तळटिपांत पानोपानी आल्फ्रेद मार्तिनो यांच्या 'बुसी ए लांद फ्रांसेझ' या १९३५ च्या ग्रंथाचा हवाला होता. पुद्दुचेरीचे गव्हर्नर राहिलेल्या या गृहस्थांनी आमच्या शहराचा इतिहास लिहावा आणि तो आम्हास वाचता येऊ नये, हे मनास लागले. वर्गात पाठ्यपुस्तक होते मोझे यांचे, निळ्या पुठ्ठ्याचे, १९५३ पासून जगभर चालत आलेले. त्यात कॅनडातून पॅरिस पाहावयास आलेले श्रीयुत व्हॅंसां आणि त्यांचे कुटुंब होते. पुस्तक फ्रेंच, शिकवणे मात्र इंग्रजीतून. प्रत्येक उच्चार 'इंग्रजीतल्या अमुक शब्दासारखा, परंतु तसा नव्हे' असा समजावला जाई आणि व्याकरणाचा प्रत्येक नियम 'इंग्रजीत असे नसते' या वाक्याने सुरू होई. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवून या, अशी सक्त ताकीद होती. आम्ही ती चपलांबरोबर दाराशी ठेवीत असू.

वर्षअखेर तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाई फ्रेंच होत्या. आम्ही पाठ केलेली वाक्ये म्हटली. त्यांनी शांतपणे ऐकून विचारले, "तुम्ही इंग्रज नाही, मग इंग्रजासारखे का बोलता?" आम्ही अनुत्तीर्ण झालो. तो प्रश्न आम्हास अपमानासारखा वाटला आणि निळे पुस्तक फडताळात गेले ते तीस वर्षांहून अधिक काळ. निवृत्तीनंतर ते पुन्हा बाहेर काढले, तेव्हा कळले की बाईंनी अपमान केला नव्हता, निदान केले होते.

'टेबल' हाच शब्द घ्या. इंग्रजीतला 'टी' आपल्या कानास 'ट' वाटतो, म्हणून आपण टेबल, टाइम, टिकीट म्हणतो. फ्रेंचांतला तोच वर्ण दातांवर जीभ टेकवून उच्चारतात, म्हणजे तो सरळ आपला 'त' आहे आणि शब्द आहे 'ताब्ल'. तसाच 'द'. आम्ही इंग्रजीच्या वाटेने गेल्याने 'टाब्ल' म्हणत होतो. मातृभाषेच्या वाटेने गेलो असतो तर पहिल्याच दिवशी बरोबर बोललो असतो. (पूर्वी युरोपीय शब्द कानावाटे आले तेव्हा असेच झाले: काडतुसातला 'त' पाहा. बटाटा मात्र अपवाद, त्याचे काय झाले कोण जाणे.) इंग्रज शिष्याला सांगतात की ओठांपुढे कागदाचा कपटा धरा आणि 'प' म्हणा, कागद हलता कामा नये, कारण इंग्रजीत शब्दारंभीच्या 'प'मध्ये 'फ'ची हवा मिसळलेली असते. वर्गात आम्ही सर्वजण कागद धरून बसलो होतो. ज्यांच्या वर्णमालेत प आणि फ, क आणि ख, त आणि थ हे शेकडो वर्षे वेगळे नांदत आहेत, त्यांच्या हाती तो कागद कशासाठी होता, हे कोणी विचारले नाही.

नाकातल्या स्वरांची गोष्ट अधिक गमतीची आहे. फ्रेंचांत चार अनुनासिक स्वर मानतात आणि इंग्रजाची तेथे दमछाक होते. प्रमाण मराठीतून असे स्वर बहुतेक गेले. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'नांव', 'केंस' यांवरचे अनुच्चारित अनुस्वारही पुसले. पण आम्ही हैदराबादी! सकाळी दूधवाल्याशी 'हाँ' आणि 'नहीं' म्हटल्यावाचून आमचा दिवस सुरू होत नाही. दखनीतला 'माँ' हा शब्द नाकात ठेवून किंचित ओकाराकडे झुकवला की 'रेमों'चा शेवट साधतो. घशातला फ्रेंच 'र' हा तर अनेकांचा कर्दनकाळ. वर्गात त्यासाठी गुळण्या करण्याचा सल्ला मिळे. वास्तविक उर्दूतील 'ग़ैन' त्याच्या अगदी शेजारचा ध्वनी आहे. 'बाग़', 'ग़रीब', 'दाग़' हे शब्द शुद्ध उच्चारणाऱ्या माणसाला पॅरिसचा 'र' शिकवावा लागत नाही, दाखवावा लागतो. आणि 'त' किंवा 'प'नंतर आला की तोच 'र' अघोष होऊन 'ख़'कडे वळतो. आमच्या शहरात 'क़ाफ'चा 'ख़े' करण्याची जी खोड आहे, जिची लखनौकर दीडशे वर्षे टिंगल करीत आले, ती येथे उपयोगी पडते. मुसा रेमूही असाच घशातून बोलत असेल असे मात्र समजू नये. त्याच्या काळी आणि त्याच्या गॅस्कनीत जिभेवरचा, आपल्यासारखाच 'र' प्रचलित होता. घशातला 'र' देशभर पसरला तो पुढे.

एका स्वरापुढे मराठी, दखनी, इंग्रजी सगळ्याच हात टेकतात. ओठ 'ऊ'साठी गोल करावे आणि जिभेने 'ई' म्हणावे, असा तो आहे. ते आम्ही आरशासमोर शिकलो, आणि घरच्या मंडळींनी त्याबद्दल जे म्हटले ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

व्याकरणात तर आश्चर्य आणखी मोठे. निर्जीव वस्तूंना लिंग असते, ही कल्पनाच इंग्रजाला पचत नाही. आपल्याकडे तो खांब, ती भिंत, ते छप्पर. आपल्याला फ्रेंचांत तिसरे लिंग नाही म्हणून उलट मोकळे वाटते. अर्थात कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे पाठच करावे लागते. खुर्ची आणि नदी दोन्हीकडे स्त्रीलिंगी, पण चंद्र तिकडे स्त्री आहे आणि घरही स्त्री. आदरार्थी 'तुम्ही' आणि जवळिकीचा 'तू' यांतला भेद इंग्रजाला प्रकरणभर समजावावा लागतो. आपल्याला एक ओळ पुरे, शिवाय कोणाला 'तू' म्हटल्यास कान उपटले जातील याचेही पूर्वज्ञान असते. ऐंशी या संख्येला फ्रेंच 'चार-वीस' म्हणतात याला वर्गात सारे हसले होते. आमचे आजोळ नांदेडकडचे. तेथे आजी शेंगा मोजताना 'चार विसा' असेच म्हणत असे, हे तेव्हा आम्हास आठवले नाही. आठवले असते तरी सांगण्याचे धैर्य झाले नसते.

परंतु ज्या एका नियमाने इंग्रज विद्यार्थी खरोखर रडकुंडीस येतो, आणि फ्रेंच मुलेही चुकतात, तो भूतकाळवाचक कृदन्ताच्या जुळणीचा. 'मी लिहिलेले पुस्तक' म्हणताना 'ल लिव्र क झे एक्री' आणि 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'ला लेत्र क झे एक्रीत'. लिहिणारा तोच, पण क्रियापदाचे रूप बदलले, कारण कर्म स्त्रीलिंगी आहे. इंग्रजाला वाटते, कर्त्याला सोडून क्रियापद कर्माच्या मागे का लागले? आम्ही निवृत्तीनंतर हे पान पुन्हा उघडले आणि थबकलो. हा तर आपला कर्मणी प्रयोग! मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली. दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामले यांच्यापर्यंत सर्व वैयाकरणांनी ज्याचा काथ्याकूट केला आणि जो मराठीचे पाच वर्षांचे पोर बिनचूक वापरते, तोच. शिवाय जाणे, येणे, निघणे, जन्मणे, मरणे या क्रियांचा फ्रेंच भूतकाळ निराळ्या साहाय्यक क्रियापदाने होतो आणि तेथे कृदन्त कर्त्याशी जुळते: पुरुष मेला तर 'मॉर', स्त्री मेली तर 'मॉर्त'. हा आपला कर्तरी प्रयोग. इंग्रजी पुस्तकांत या क्रियापदांची यादी घोकण्यासाठी युक्त्या दिलेल्या असतात. तो गेला, ती आली म्हणणाऱ्याला त्यांतील निम्मी युक्ती जन्मतःच मिळालेली असते.

हे साम्य ताणू नये, हेही सांगितले पाहिजे. फ्रेंचांत कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच जुळणी होते, मागून आले तर नाही. मराठीत ते कुठेही असो. धावणे, झोपणे यांना आपण कर्तरीत ठेवतो, फ्रेंच मात्र त्यांना दुसऱ्या गटात घालतात. दोन्ही भाषांत हे वळण कसे आले याची कुळकथाही वेगळी; आपल्याकडे ते संस्कृत कृदन्तातून आले, तिकडे लॅटिनमधून. पण शिकणाऱ्याला मूळपुरुष एक असण्याची गरज नसते. पायाखाली ओळखीची फरशी लागली तरी चालते.

इंग्रजीचे ऋण नाकारण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि नंतर तीन शतके तेथील दरबार, न्यायालय व जमाबंदी फ्रेंच शब्दांनी भरून गेली. त्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्याला लेखी फ्रेंच मजकुरात शेकडो ओळखीचे चेहरे दिसतात. आमच्या खात्याचे इंग्रजी नाव 'रेव्हेन्यू', म्हणजे 'परत आलेले', हे फ्रेंच कृदन्त होय. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याच्या फायली हाताळताना जन्म गेला. त्यातील 'टेनंट' म्हणजे फ्रेंचांत केवळ 'धरणारा', हे साठीत समजले. जमीन धरून बसणाऱ्याला कूळ म्हणणारा आपला शब्द अधिक मायेचा आहे, असे आमचे मत. 'मॉर्गेज' म्हणजे 'मेलेले तारण', हे तर कर्जदारांना आधीच ठाऊक असते. मात्र ही ओळख फसवीही निघते. 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. आणि फ्रेंच माणूस 'देमांद' करतो तेव्हा तो मागणी करीत नसतो, नुसते विचारीत असतो. एका जुन्या फ्रेंच पत्रातील नम्र विचारणेला आम्ही प्रथमवाचनी निर्वाणीचा खलिता समजलो होतो. असे घोटाळे इतिहासलेखनात झाले तर काय अनर्थ होईल, याचा विचार करून अंगावर काटा येतो.

मग ही भाषा आपल्याकडे इंग्रजीच्या दारानेच का आली? पुस्तके लंडनहून येत, परीक्षा इंग्रजीतून होत, आणि फ्रेंच येणे हे साहेबी शिष्टाचाराचे अंग मानले जाई. पुढे ती गुण मिळवून देणारा विषय झाली. या सर्वांत मराठीचा प्रश्नच उद्भवला नाही. पण दुसरी वाट नव्हती असे नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाकडे पाहा. १८३४ नंतर कोकणातून जी मराठी कुटुंबे उसाच्या मळ्यांवर करारावर गेली, त्यांना राज्यकर्ते इंग्रज भेटले, पण मळ्यावरची बोली फ्रेंचपासून निपजलेली क्रिओल होती. ती त्यांनी कानाने उचलली. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या तोंडी घडलेल्या त्या बोलीत 'दिलो' म्हणजे पाणी, 'दिरी' म्हणजे तांदूळ, 'लाकाझ' म्हणजे घर. फ्रेंचांत नामाआधी सुटी येणारी उपपदे ऐकणाऱ्यांनी नामातच मुरवून टाकली, आणि लिंगभेद गळून पडला. आमच्या 'मुसा'सारखीच ही घडण. त्या मराठी मंडळींनी घरात मराठी, देवळात अभंग आणि मळ्यावर क्रिओल असे तिन्ही सांभाळले, मध्ये इंग्रजी न आणता.

आणि पुण्याकडे पाहा. मराठी भाषेचा शास्त्रशुद्ध इतिहास प्रथम लिहिला तो झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने. ग्रंथ पहिल्या महायुद्धापूर्वीच सिद्ध झाला होता, छापून आला युद्धानंतर. आपल्याच 'चा'चे, 'ला'चे आणि कर्मणी प्रयोगाचे मूळ जाणण्यासाठी मराठी अभ्यासकाला फ्रेंच येणे भाग होते. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने १९४१ साली मराठीत आणला. त्याच ग्रंथाचे देवराज चानना यांनी केलेले इंग्रजी भाषांतर निघाले १९७० मध्ये. म्हणजे एकोणतीस वर्षे असा काळ होता की इंग्रजी वाचकाला जे मिळत नव्हते ते मराठी वाचकाला मिळत होते! परांजप्यांचे हे पुस्तक आम्ही जुन्या, कसर लागलेल्या प्रतीत वाचले. कृदन्तांवरची पाने वाचताना परीक्षक बाईंचा प्रश्न पुन्हा कानात वाजला. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरे अशीच थेट वाचली म्हणून १९६७ साली 'पोर्तुगेज-मराठे संबंध' आपल्या हाती आला. पुद्दुचेरीच्या कागदांना असा मराठी वाचक पुरेसा लाभला नाही. बुसीची पेशव्यांशी झालेली बोलणी, खर्ड्याच्या आगेमागे रेमूच्या गोटातील हालचाली यांविषयी आपण आजही बहुधा इंग्रजांनी काय म्हटले तेच उद्धृत करतो. आणि रेमूच्या बाबतीत तर इंग्रज हे प्रतिपक्ष होते.

कोणी म्हणेल, सरकारी नोकराने फुरसतीत असले उद्योग करावेत काय? याच हैदराबादच्या महसुली सेवेत सेतुमाधवराव पगडी होते. आदिलाबादेकडे काम करता करता ते गोंडी व कोलामी शिकले आणि त्या भाषांची व्याकरणे लिहिली, इंग्रजी पुस्तक मिळण्याची वाट न पाहता. आमची त्यांच्याशी तुलना नाही. आमच्या हाती तीस वर्षे फक्त एक बंद पुस्तक होते.

मार्तिनोंचा ग्रंथ आता मिळाला आहे. रोज सकाळी एक पान, बाजूला फ्रेंच-इंग्रजी कोश आणि त्याच्याही बाजूला दामले. इंग्रजी कोश अर्थ सांगतो; वाक्य मात्र आम्ही मराठीतच लावतो. अडलेले वाक्य मोठ्याने म्हणतो तेव्हा 'त' दाताला टेकतो की नाही याकडे लक्ष असते. सध्या १७५६ चा उन्हाळा संपून पाऊस सुरू झाला आहे. सलाबतजंगाने नोकरीवरून दूर केलेला बुसी हैदराबादेत येऊन चारमहालाच्या बागेत मोर्चे बांधून बसला आहे, आणि मच्छलीपट्टणमहून कुमक अजून पोहोचायची आहे.